भारतीय १७ वर्षांखालील फुटबॉल संघ

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नियंत्रणाखालील कुमारवयीन मुलांचा राष्ट्रीय संघ. दक्षिण आशियाई (सॅफ), आशियाई आणि विश्वचषक या तीन पातळ्यांवर तो भारताचे प्रतिनिधित्व करतो.

दक्षिण आशियाई स्पर्धा : या गटात भारताचे वर्चस्व आहे. २०१३ साली काठमांडूत नेपाळला हरवून संघाने विजेतेपद मिळवले. पुढे २०१७ व २०१९ मध्येही तो अजिंक्य ठरला. २०१९ च्या अंतिम सामन्यात कल्याणी येथे नेपाळवर ७–० अशी मात केली.

आशियाई स्पर्धा : येथे कस लागतो. २००२ आणि २०१८ मध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये गोमंतकीय प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या संघाने साखळीत एकही गोल स्वीकारला नाही. दक्षिण कोरियाकडून ०–१ अशा निसटत्या पराभवाने विश्वचषकाची संधी हुकली. २०२३ मध्ये थायलंडमध्ये संघ साखळीतच गारद झाला.

विश्वचषक, २०१७ : यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला. लुईस नॉर्टन डी मातोस प्रशिक्षक, तर अमरजित सिंग कर्णधार होता. नवी दिल्लीत अमेरिका (०–३), कोलंबिया (१–२) व घाना (०–४) यांच्याकडून संघ हरला. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला कॉर्नर किकवर जॅक्सन सिंगने हेडरने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषक स्पर्धांमधील भारताचा पहिला गोल होय. कोल्हापूरचा आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव हा या संघातील महाराष्ट्राचा खेळाडू. स्पर्धेला १३,४७,१३३ प्रेक्षक लाभले. तोपर्यंतचा या वयोगटाचा हा उच्चांक होता.

रायगड परिसर : या विश्वचषकात भारताचे सामने दिल्लीत झाले, तरी रायगड जिल्ह्याच्या हद्दीजवळील नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर स्पेन–माली उपांत्य सामना (३–१) रंगला. त्यापूर्वी १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ उपक्रमातून राज्यभरातील शाळकरी मुलांना फुटबॉलकडे वळवले. मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामनाही ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळलाच झाला. स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवले. त्या स्पर्धेत भारतीय मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. रायगडमधील खारघर येथे सिडकोने फुटबॉलचे उत्कृष्टता केंद्र उभारले आहे.

मूल्यमापन : २०२५ पर्यंतच्या एकाही विश्वचषकासाठी मुलांचा संघ पात्रता फेरीतून पोहोचू शकला नाही. यजमानपदाने मैदाने आणि प्रेक्षक मिळाले; खेळाडू मात्र वर्षभर चालणाऱ्या शालेय व जिल्हास्तरीय सामन्यांतूनच घडतात. म्हणून रायगडमधील पनवेल, उरण आणि अलिबागच्या शाळांना असे सामने नियमित मिळायला हवेत.