बाळंतपणाचा व्यायाम: कुठून आला, कुठं अडला



मागच्या पावसाळ्यात एका गटाची बैठक संपली. हप्ते गोळा झाले, वही मिटली, बाया घरी निघाल्या. पण पंचेचाळिशीच्या एक ताई जागच्या हलेनात. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "खोकला आला की लुगडं ओलं होतं. घागर उचलली की अंग खाली येतं. धाकट्याच्या बाळंतपणापासून आहे." धाकटा आता कॉलेजात आहे. इतकी वर्षं त्यांनी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंकडे धाडलं. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम, शेक, मालिश आणि उठण्याबसण्याच्या बरोबर रीतीनं स्नायू-सांध्यांवर करायचा उपचार. बाईंनी एक साधा व्यायाम शिकवला आणि म्हणाल्या, "हा तर गरोदरपणातच शिकवतात." आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्यातल्या एकीलाही कुणी शिकवला नव्हता. मग हा व्यायाम आला कुठून आणि आपल्या वेशीपाशी अडला का, हे शोधायचं आम्ही ठरवलं. तेच आज सांगतो.

आधी घरची गोष्ट. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात. खेड्यात बाळंतपण म्हणजे सुईण. म्हाताऱ्या सांगतात, कळा सुरू झाल्या की सुईण बाईला नुसतं पडून राहू देत नसे. घरात फिरवायची, आढ्याचा दोर धरून उकिडवं बसवायची, मागून एकजण कंबर धरायची. यात शहाणपण होतं. उकिडवं बसलं की बाळाच्या वजनाचीच बाळाला खाली सरकायला मदत होते. पण रक्त जास्त गेलं किंवा बाळ आडवं आलं, तर सुईणीच्या हातात काही नव्हतं. तशा किती बाया गेल्या, त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही. म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणत नाही.

हा प्रश्न आनंदीबाई जोशींनी स्वतः भोगला होता. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेलं. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, 1886 साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो आपल्या जुन्या प्रसूतिशास्त्रावर. पुढच्याच वर्षी, गावोगावच्या बायांवर उपचार करण्याआधीच, त्या गेल्या.

विलायतेतही तेव्हा बाळंतिणीला बरेच दिवस खाटेवरच ठेवत. 1912 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. फेअरबेर्न यांनी मिनी रँडल या बाईंना बाळंतिणींसाठी व्यायाम बसवायला सांगितलं. रँडलबाई परिचारिका होत्या, मालिश आणि व्यायाम शिकवायच्या. पुढे गरोदर बायांसाठीही व्यायाम आले. त्यांच्या जोडीला मार्गारेट मॉरिस ही नर्तकी आली. तिनं फिजिओथेरपी शिकली आणि 1936 साली बाळंतपणाच्या व्यायामाचं पुस्तक काढलं. नाचणारीला शरीर कळतं, हे पंचमीला फुगडी आणि झिम्मा खेळणाऱ्या आपल्या बायांना वेगळं सांगायला नको.

1948 साली अमेरिकेतले डॉ. केगल यांनी नेमक्या एका जागेवर बोट ठेवलं. ओटीपोटाच्या तळाशी, लघवीच्या जागेपासून शौचाच्या जागेपर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. पिशवी, लघवीची थैली, आतडी यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ती ताणली जाते. तिला व्यायाम दिला तर ती पुन्हा घट्ट होते, हे त्यांनी दाखवलं. पॅरिसमधले डॉ. लामाझ 1951 साली रशियाला गेले, तिथं श्वासावर ध्यान ठेवून कळा सोसायची तयारी बघून आले आणि आपल्या दवाखान्यात शिकवू लागले. तो दवाखाना लोखंडकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेचा होता. म्हणजे ही शिकवणी कष्टकऱ्यांच्या बायकांपर्यंत तेव्हाच गेली होती.

आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती पोलिओमुळं. 1952 साली मुंबईत पोलिओची साथ आली. लुळ्या पडलेल्या लेकरांना चालवायचं कुणी? म्हणून 1953 साली केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. तिथून हे शास्त्र महाराष्ट्रात पसरलं. मोठ्या शहरांत गरोदर बायांचे वर्गही निघाले. आपल्या वस्तीत मात्र फिजिओथेरपी म्हणजे लकवा झालेल्यांचं आणि हाड मोडलेल्यांचं काम, अशीच ओळख राहिली.

दुसरी अडचण आपल्याच तोंडी आहे. "राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला?" सासू म्हणते, आपणही म्हणतो. पण विचार करा. हळद काढताना, सोयाबीन कापताना, कापूस वेचताना आपण दिवसभर वाकलेल्या. वर घागर, भारा, कडेवर लेकरू. प्रत्येक ओझ्याचा दाब त्या झोळीवर येतो. कामानं हातपाय बळकट होतात, झोळीला मात्र नुसता ताण बसतो. रोजानं जाणारीला तर सव्वा महिन्याचा आरामही मिळत नाही. राबणं वेगळं आणि व्यायाम वेगळा.

तिसरी अडचण लाजेची. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बाया तपासल्या. 1989 साली ते जगापुढं आलं. शंभरातल्या 92 जणींना आतला काही ना काही आजार होता, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त 8. दुखणं अंगावर काढत राहिलं की शेवटी एकच उपाय पुढं येतो, पिशवी काढा. 2019 साली बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तो विसरू नका.

महाराष्ट्रात 2001-03 च्या सुमाराला एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये तो आकडा 33 वर आला. आशाताई, नर्सबाई, 108 ची गाडी, सगळ्यांचे हात त्याला लागले. आई वाचली, हे मोठंच. पण वाचलेली आई पुढची तीस वर्षं हसताना, खोकताना घाबरत जगत असेल, तर काम अर्धंच झालंय.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, 2016 पासून. तिथं रक्त, बीपी तपासून झालं की डॉक्टरांना विचारायचं, "मला कोणता व्यायाम चालेल?" रक्तस्राव होत असेल, बीपी वाढलं असेल, वार खाली असेल, जुळी असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. ज्यांना मोकळीक मिळेल त्यांनी चालावं आणि झोळीचा व्यायाम करावा. लघवी अडवल्यासारखं आत आवळायचं, पाच मोजायचे, सावकाश सैल सोडायचं. श्वास चालू ठेवायचा. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र करून बघायचं नाही. चक्कर, पोटात कळ, अंगावरून पाणी किंवा रक्त, बाळाची हालचाल कमी, यातलं काही झालं तर थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

यानं बाळंतपण हमखास सोपं होईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सिझर झालं तर बाईचं काही चुकलं, असंही नाही. पण लघवी गळण्याचा त्रास यानं कमी होतो, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि 2024 साली आपल्या हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तिथं गरोदर बायांना व्यायाम शिकवायची सोय मागायला, ग्रामसभेत ठराव घ्यायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या ताई तीन महिने नेमानं व्यायाम करतात. लघवीचा त्रास बराच कमी झालाय. अंग खाली येण्यावर डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. परवा बैठकीत त्यांनीच आपल्या सात महिन्यांच्या गरवार सुनेला पुढं बसवलं आणि म्हणाल्या, "हिला आत्ताच शिकवा."