चकोत्री

चकोत्री हा फॅसिॲनिडी कुळातील, दाट झुडपांच्या रानात जमिनीवर वावरणारा पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव गॅलोपर्डिक्स स्पॅडिसिया असे आहे. मोर, रानकोंबडी, तित्तर आणि लावा हे त्याच कुळातील पक्षी होत. चकोत्री फक्त भारतात आढळतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या जंगलांत त्याचे वास्तव्य आहे.

नाव

चकोत्रीला मराठीत कोकत्री असेही म्हणतात. हिंदीत तो ‘छोटी जंगली मुर्गी’ म्हणून ओळखला जातो. नामसादृश्यामुळे त्याची चकोराशी गल्लत होण्याचा संभव असतो. चांदण्यावर जगणारा म्हणून काव्यात प्रसिद्ध असलेला चकोर हिमालय व त्याच्या पश्चिमेकडील उघड्या, खडकाळ डोंगरउतारांवर राहतो. तो सह्याद्रीत आढळत नाही.

शास्त्रीय नावाचा इतिहासही असाच गोंधळाचा आहे. फ्रेंच प्रवासी पिएर सोनेरा यांनी १७८२ च्या प्रवासग्रंथात या पक्ष्याचे वर्णन ‘मादागास्करचा तांबडा तित्तर’ या नावाने केले. त्या आधारे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ योहान ग्मेलिन यांनी १७८९ मध्ये त्याला टेट्राओ या प्रजातीत, म्हणजे युरोप व उत्तर आशियातील वनांत राहणाऱ्या ग्राउझ पक्ष्यांत घातले. ग्राउझच्या पायांवर पिसे असतात व काटे नसतात. चकोत्रीचे पाय उघडे व काटेधारी असतात. १८४० च्या दशकात एडवर्ड ब्लाइथ यांनी गॅलोपर्डिक्स ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. लॅटिनमधील ‘कोंबडा’ व ‘तित्तर’ या अर्थांच्या शब्दांपासून हे नाव बनले आहे. ‘स्पॅडिसिया’ हा शब्द पिसाऱ्याचा तांबूस-तपकिरी रंग दर्शवितो. सह्याद्रीतील करड्या रानकोंबड्याच्या शास्त्रीय नावात सोनेरा यांचे नाव आजही आहे.

वर्णन

चकोत्री आकाराने गावठी कोंबडीपेक्षा लहान, सुमारे ३५ ते ३८ सेंमी. लांबीचा असतो. नराचा रंग तांबूस-तपकिरी असून पिसांच्या फिकट कडांमुळे अंगावर खवले असल्यासारखे दिसते. मादीच्या अंगावर काळसर पट्टे व ठिपके असतात. दोघांच्याही डोळ्यांभोवतीची कातडी उघडी व लाल असते. नराच्या प्रत्येक पायावर मागील बाजूस दोन ते चार, तर मादीच्या पायावर एक किंवा दोन टोकदार काटे असतात.

अधिवास व सवयी

दाट झुडपे, बांबूची बेटे, पाचोळ्याने झाकलेले उतार व ओढ्याकाठची गचपणे ही चकोत्रीची आवडती ठिकाणे होत. आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर अभयारण्याचा परिसर व आहुपे, तसेच जुन्नर तालुक्यातील दुर्गावाडी येथील देवराईसारखी राखलेली वने या प्रकारची आहेत. दोन्ही तालुक्यांच्या पूर्व भागातील उघडी माळराने व बागायती शेते त्याला मानवत नाहीत.

तो जोडीने किंवा तीन ते पाचच्या लहान गटाने हिंडतो. पाचोळा उकरून बिया, गळलेली फळे, कीटक व गोगलगायी खातो. चाहूल लागताच उडण्याऐवजी झुडपांत पळून जातो. रात्री मात्र झाडावर बसतो. दिसण्यापेक्षा त्याचे अस्तित्व पहाटे व सायंकाळी येणाऱ्या कर्कश, पुन्हापुन्हा काढलेल्या आवाजावरूनच अधिक कळते.

विणीचा हंगाम मुख्यतः जानेवारी ते जून असतो. झुडपाखाली जमिनीवरील उथळ खळग्यात पाने पसरून केलेल्या घरट्यात मादी साधारणपणे तीन ते पाच अंडी घालते व तीच ती उबवते.

संरक्षण

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत चकोत्रीची नोंद ‘किमान चिंताजनक’ गटात आहे. मांसासाठी त्याची शिकार होत आली असली, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ती गुन्हा आहे. केवळ शिकारबंदी मात्र पुरेशी नसते. घरटे जमिनीवर असल्यामुळे उन्हाळ्यातील वणवा ऐन विणीच्या काळात अंडी व पिले नष्ट करू शकतो. मोठी झाडे उभी राहिली, तरी खालची झुडपे व पाचोळा गेल्यास या पक्ष्याचा आसरा व अन्न दोन्ही संपतात. लाकूडतोडीबरोबरच पाचोळा काढण्यासही परंपरेने मनाई असलेल्या देवरायांचे महत्त्व चकोत्रीच्या दृष्टीने यामुळेच मोठे आहे.