युद्धभूमीवर रुग्णवाहिका आणणारे डॉ. लारे कोण होते? त्यांचं दफन दोनदा का झालं?

दोमिनिक-जाँ लारे हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले लष्करी सर्जन. त्यांचा जन्म 1766 मध्ये पिरेनीज पर्वतरांगेतल्या बोदेआँ गावात झाला.

नेमकं काय बदललं?

त्याआधी लढाई संपेपर्यंत जखमी सैनिक मैदानातच पडून राहायचे. 1792 मध्ये ऱ्हाईन आघाडीवर लारेंनी हे पाहिलं. मग त्यांनी घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार केल्या. या 'उडत्या रुग्णवाहिका' लढाई सुरू असतानाच जखमींना बाहेर काढत.

आधी उपचार कोणावर, हे हुद्द्यावरून नाही तर जखमेच्या गंभीरतेवरून ठरेल, हा त्यांचा नियम होता. शत्रूचे सैनिकही त्याला अपवाद नव्हते. आजच्या आपत्कालीन विभागांत वापरल्या जाणाऱ्या 'ट्रायज' पद्धतीची मुळं इथे सापडतात.

नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी 1 लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेला सर्वांत सद्गुणी माणूस असा त्यांचा गौरव केला.

शेवटची इच्छा

अल्जेरियातल्या लष्करी रुग्णालयांची पाहणी करून परतताना, 25 जुलै 1842 रोजी लियाँमध्ये त्यांचं निधन झालं. पॅरिसमधल्या आँव्हालिदमध्ये, म्हणजे जखमी आणि वृद्ध सैनिकांसाठी बांधलेल्या वास्तूत, आपलं दफन व्हावं अशी त्यांची इच्छा होती. नेपोलियनचे अवशेषही 1840 मध्ये तिथेच आणले होते. पण लारेंसाठी परवानगी मिळाली नाही. त्यांना पेर लाशेज दफनभूमीत पुरण्यात आलं.

अखेर 1992 मध्ये, तब्बल 150 वर्षांनी, त्यांचे अवशेष आँव्हालिदमध्ये हलवण्यात आले. ज्या सैनिकांसाठी ते आयुष्यभर झटले, त्यांच्याच घरी ते पोहोचले.