पाड्यावरची चित्रे आणि वस्तीचे संग्रहालय

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी या जमातींचे पाडे, म्हणजे मूळ गावापासून अलग वसलेल्या छोट्या वस्त्या, विखुरलेले आहेत. यांपैकी वारली समाजात लग्नाच्या वेळी गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे पालघट देवीचे चौकोनी मखर, रेखतात आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी स्त्री, त्या वेळी गाणी म्हणते. पुन्हा सारवण झाले की चित्र पुसले जाते. ते जपून ठेवण्यासाठी काढलेलेच नसते, आणि संग्रहालयाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर व कापडावर उतरली, डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे 1989 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पोचली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा गौरव रास्तच होता. मात्र चौक रेखणाऱ्या सुवासिनींची नावे फारशी टिपली गेली नाहीत, आणि ही उणीव गंभीर मानली पाहिजे. पुण्यात 1962 मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन संस्थेच्या संग्रहालयाने राज्यभरातील वस्तू मोलाने जपल्या, तरी त्या ज्यांच्या घरातून आल्या त्यांच्यापासून दूरच राहिल्या.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी नेमक्या याच अंतराला हरकत घेतली होती. वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया भागात एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात 1967 मध्ये वस्तीचे संग्रहालय उघडले, तर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1968 मध्ये भाड्याच्या माडीवर स्टुडिओ म्युझियम सुरू झाले, जेथे समकालीन कृष्णवर्णीय कलावंतांना स्वतःच्या शेजारीपाजाऱ्यांसमोर कला मांडता आली.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीचे आहे. तेथील ठाकर समाजाचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवीत कथा गाण्याची परंपरा, आणि कळसूत्री बाहुल्या यांचे संग्रहालय उभारले, व त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. शहापूर-मुरबाडच्या ठाकुरांचे जीवन व चालीरीती पिंगुळीच्या ठाकरांहून वेगळ्या असल्याने तेथील नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही, परंतु कलावंताच्या घरातच संग्रह ठेवण्याची रीत घेता येईल. आणि असा संग्रह एखाद्या वारली पाड्यावर उभा राहिला, तर त्याच्या नोंदवहीत पहिली नावे धवलेरींची व चौक रेखणाऱ्या सुवासिनींची असली पाहिजेत.