‘शेवटचे भोजन’ आणि आकृतींमधील अंतर

चित्र पाहताना दृष्टी प्रथम आकृतींकडे वळते. त्यांच्यामधील मोकळी जागा उपेक्षित राहते. परंतु रचनेचा अर्थ पुष्कळदा या जागेतच ठरत असतो. पंधराव्या शतकातील इटलीत एकाच विषयावर काढलेली दोन भित्तिचित्रे ताडून पाहिली असता हे स्पष्ट होते.

फ्लॉरेन्समधील संत आपोलोनियाच्या मठातील भोजनगृहात आन्द्रेआ देल कास्तान्यो याने १४४७ साली ‘शेवटचे भोजन’ रंगविले. लांब मेजामागे येशू व त्याचे शिष्य जवळजवळ सारख्या अंतराने ओळीत बसले आहेत. विश्वासघातकी यहूदा तेवढा मेजाच्या अलीकडे एकटा बसविला आहे. त्याला ओळखण्याची ही रूढ खूण होती. गिर्लांदायोनेही १४८० साली तीच स्वीकारली. येथे भेद दाखविण्याचे काम मेज करते, अंतर नव्हे. त्यामुळे ही ओळ एखाद्या नामावलीसारखी वाटते: प्रत्येक जण दिसतो, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध फारसा जाणवत नाही.

मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठात सुमारे १४९५ ते १४९८ या काळात लिओनार्दो दा व्हिंचीने ही खूण टाकून दिली व यहूदाला इतरांच्याच बाजूस बसविले. मग तो ओळखावा कसा? याचे उत्तर अंतरांच्या विषम योजनेत आहे. बारा शिष्यांचे तिघातिघांचे चार गट केले आहेत. गटाच्या आत देह एकमेकांना भिडतात. गटागटांमध्ये थोडी फट राहते. येशू मात्र मध्यभागी एकटा आहे. आपल्यापैकीच एक जण घात करील, असे तो नुकतेच बोलला आहे. पेत्र योहानाच्या कानाशी झुकतो, योहान त्याच्याकडे कलतो आणि येशूच्या बाजूस वर रुंद व खाली निमुळती अशी पोकळी पडते. त्याच गटात यहूदा मागे कलतो. त्याचा चेहरा छायेत जातो. दुसऱ्या बाजूस थोमाचे उंचावलेले बोट येशूच्या निकट येते. म्हणून दोन्हीकडची अंतरे सारखी राहत नाहीत.

बोलण्यात विराम समान अंतराने आले की यादी होते. विषम अंतराने आले म्हणजे वाक्याचा आघात उमटतो. लिओनार्दोची पोकळी हा असाच विराम होय.

कोरड्या गिलाव्यावर काढलेले हे चित्र लवकरच झडू लागले. १६५२ मध्ये भिंतीत दार पाडताना येशूचे पाय नष्ट झाले. १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारानंतरही मूळ रंग अंशतःच उरला आहे. मुद्रा पुसट झाल्या, तरी प्रसंग कळतो; कारण अंतरे शाबूत आहेत.