कान आधी, डोळे नंतर

लिनक्सवर गाणे-बजावणे ध्वनिमुद्रित करणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. गाणे स्वच्छ वाजते, ताल कुठे चुकत नाही, पण पडद्यावरचे चित्र मात्र रखडते. आवाजाची ती नागमोडी रेघ धक्के खात सरकते, मीटर अडखळतात आणि माऊसने फेडर ओढावा तर तो अर्ध्या सेकंदाने हलतो. गेली काही वर्षे मी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मित्रांना या कामात मदत करतो. अशा वेळी त्यांना मिळालेला सल्ला बहुतेकदा एकच असतो : नवा संगणक घ्या. हा सल्ला महाग तर आहेच, पण पुष्कळदा तो उपयोगीही नसतो. असे का, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या उघडणारी व्यवस्था लिनक्सपेक्षा जुनी आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे ठेवले १९९१ साली. त्याआधी, १९८४ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ नावाची खिडक्यांची व्यवस्था सुरू केली होती. आधीच्या एका व्यवस्थेचे नाव ‘डब्ल्यू’ होते, म्हणून पुढची ‘एक्स’. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि तीच लिनक्सने पुढे घेतली. विद्यापीठात एका इमारतीतल्या मोठ्या यंत्रावर काम चालावे आणि दुसऱ्या इमारतीतल्या पडद्यावर ते दिसावे, ही तिची मूळ गरज. रेघ ओढ, चौकोन भर, अक्षर लिही, असे निरोप एकाने पाठवायचे आणि दुसऱ्याने ते पाळायचे. त्या निरोपांना संगीताची घाई ठाऊक नव्हती.

संगीताची घाई कसली, ते एका हिशेबाने सांगतो. चांगल्या ध्वनिमुद्रणात आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. ते २५६ च्या गठ्ठ्यांनी पुढे सरकतात असे धरले, तर संगणकाला प्रत्येक गठ्ठा साधारण सव्वापाच मिलिसेकंदांत हातावेगळा करावा लागतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १८८ वेळा. एकदा जरी उशीर झाला, तरी कानाला ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो मुद्रणात कायमचा राहतो. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. त्यातली चार-दोन चित्रे गळाली तर डोळा ते सोडून देतो. कान सोडून देत नाही.

या दोन घरांचे पहिले भांडण १९९० च्या दशकात झाले आणि त्यात चित्राने आवाजाला नाडले. चित्राचे कार्ड आणि आवाजाचे कार्ड तेव्हा पीसीआय नावाच्या एकाच वाटेवरून ये-जा करत. चित्राच्या कार्डाकडे काम पाठवण्यापूर्वी ‘जागा आहे का?’ असे विचारण्याचा शिरस्ता होता. विचारण्यात वेळ जातो, म्हणून वेगाच्या चाचण्यांत वरचा क्रमांक मिळावा यासाठी काही ड्रायव्हरांनी विचारणेच सोडले. कार्ड भरलेले असले की सगळी वाट अडून राही आणि मागे आवाजाचे कार्ड तिष्ठत बसे. खिडकी हलवली की ध्वनिमुद्रणात कडकड! लिनक्सच्या तेव्हाच्या चित्रव्यवस्थेत ‘पीसीआय रिट्राय’ नावाचा पर्याय होता. तो बंद केला की चित्र किंचित मंद होई आणि आवाज सुधारे. त्या काळच्या कित्येक ध्वनिमुद्रकांनी हा धडा गिरवला.

पुढे आवाजाची बाजू मांडणारे लोक उभे राहिले. यारोस्लाव किसेला या चेक प्रोग्रॅमरने सुरू केलेली ‘आल्सा’ ही ध्वनिव्यवस्था डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीबरोबर लिनक्सचा भाग झाली. पॉल डेव्हिस यांनी ‘आर्डर’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि त्यातूनच ‘जॅक’ ही जोडणी तयार झाली. जॅकचा नियम कडक आहे. आवाजाचे काम चालू असताना त्या धाग्याने डिस्कची वाट पाहायची नाही, नवी मेमरी मागायची नाही, कुणाच्या कुलपापुढे थांबायचे नाही. इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आदींनी लिनक्सच्या गाभ्यात तातडीच्या कामाला वाट करून देणारे बदल २००४ च्या सुमारास हाती घेतले. ते पूर्णपणे मूळ लिनक्समध्ये सामावले गेले २०२४ मध्ये, ६.१२ या आवृत्तीत. म्हणजे वीस वर्षांचे काम!

या सगळ्याचा अर्थ असा, की लिनक्सवरच्या संगीताच्या सॉफ्टवेअरने कानाला पहिल्या पंगतीत बसवले आणि डोळ्याला उरलेसुरले वाढले. चित्र रखडते आणि आवाज शाबूत राहतो, तेव्हा ही व्यवस्था ठरवल्याप्रमाणेच वागत असते.

मग चित्र इतके मागे का पडले? कारण पडदे मोठे झाले. जुन्या १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर आठ लाखांहून थोडे कमी ठिपके होते. आजच्या ‘फोर-के’ पडद्यावर सुमारे ८३ लाख आहेत, म्हणजे दसपटीहून अधिक. आर्डरसारखी सॉफ्टवेअरे रेघा काढायला ‘कैरो’ या चित्रसंचाचा आधार घेतात. कार्ल वर्थ आणि कीथ पॅकर्ड यांचा हा प्रकल्प २००३ मध्ये या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे बरेचसे काम मुख्य प्रोसेसरवर होते. शिवाय सगळ्या खिडक्या रंगवण्याचे काम सहसा एकाच धाग्यावर चालते. म्हणून आठ कोअरचा प्रोसेसर आणला तरी सात कोअर बघत बसतात. त्याच्या जोडीला मोठा पडदा घेतला, तर पैसे खर्चून दुखणे वाढवल्यासारखे होते.

याहून गमतीची गोष्ट छटांची. बटणाला उठाव यावा म्हणून वरून फिकट, खाली गडद असा रंग देतात. हे काम चित्राच्या कार्डाने करावे अशी अपेक्षा होती, पण काही ड्रायव्हरांना ते नीट जमत नसे आणि एका बटणाच्या सजावटीपायी सगळा पडदा रेंगाळे. आर्डरच्या सेटिंगमध्ये यासाठी एक खूण करण्याची जागा आहे. तिचे नाव मराठीत सांगायचे तर, ‘याने मंद चित्र कदाचित सुधारेल’. त्यातला ‘कदाचित’ मला फार प्रामाणिक वाटतो. दोष कुठल्या यंत्रात कुठे असेल, हे लिहिणाऱ्याला दुरून कसे ठाऊक असणार?

ते आपल्यालाच शोधावे लागते, आणि शोधण्याचा क्रम या इतिहासातूनच मिळतो. पहिला प्रश्न, आवाज तुटतो आहे की फक्त चित्र? सॉफ्टवेअर आवाजाच्या चुकलेल्या वेळा ‘एक्स-रन’ या नावाखाली मोजते. तो आकडा शून्य असेल तर आवाजाच्या सेटिंगला हात लावू नका. दुसरा प्रश्न, चित्र काढते कोण? ‘जीएलएक्सइन्फो’ ही आज्ञा दिली की उत्तर मिळते. त्यात ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव दिसले, तर चित्राचे कार्ड स्वस्थ बसले आहे आणि त्याचे काम प्रोसेसर ओढतो आहे असे समजावे. तिसरे, खिडकी निम्मी करून पाहा. चित्र सुरळीत झाले, तर भार ठिपक्यांचा आहे. चौथे, इफेक्ट्सच्या छोट्या खिडक्या एकेक करून बंद करा. सतत नाचणारा एखादा आलेख सगळ्यांचा वेळ खात असतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहून ठेवायचा.

माझ्या ओळखीचे हार्मोनियमचे एक शिक्षक विद्यार्थ्यांचे वादन जुन्या लॅपटॉपवर मुद्रित करतात. तो टाकून द्या, असे त्यांना सांगण्यात आले होते. नव्यासाठी लागणारी रक्कम म्हणजे त्यांच्या क्लासची कित्येक महिन्यांची फी. आम्ही वरच्या क्रमाने गेलो. एक्स-रन शून्य, पण चित्र काढत होता प्रोसेसर, कारण कार्डाचा ड्रायव्हर चालूच झालेला नव्हता. तो बसवला, आणि खर्च काहीच आला नाही. प्रत्येक दुखणे इतके सोपे नसते. कधी खरोखरच यंत्र अपुरे पडते. पण ते अपुरे आहे हे तपासून ठरावे, वैतागून नव्हे.

‘एक्स’ची जागा घेण्यासाठी क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये ‘वेलँड’ सुरू केले आणि अनेक लिनक्स वितरणांत ते आता रुळले आहे. तरीही आर्डर आणि इफेक्ट्सच्या बऱ्याच खिडक्या त्याच्या आत जुन्या एक्सच्याच भाषेत बोलतात. त्यामुळे ही तक्रार आणखी काही वर्षे तरी ऐकू येईल. तोवर एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे : पडदा अडखळला म्हणून मुद्रण थांबवू नका, आधी डोळे मिटून ऐका. आवाज शाबूत असेल, तर गाणे वाचले आहे. चित्राचे सावकाश बघता येईल.