अर्धवट राहिलेला ध्वनिवर्धक

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे बखरी, सनदा, ताम्रपट, शिलालेख अशी मालिका उभी राहते. आज ज्या साधनाकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत, ते मात्र एक पुठ्ठ्याचे खोके आहे. त्यात पत्र्याची एक चौकट, तीन जड ट्रान्सफॉर्मर, काचेच्या सात नलिका, वायरींची भेंडोळी आणि एक छापील पुस्तिका एवढाच ऐवज आहे. हा ‘डायनाको स्टीरिओ ७०’ नावाच्या अमेरिकन ध्वनिवर्धकाचा संच होय. तो १९५९ साली बाजारात आला. सुटे भाग घेऊन घरी स्वतः जोडावयाचा असेल तर त्याची किंमत ९९.९५ डॉलर्स होती, तयार घ्यावयाचा असेल तर अधिक. आमच्यापुढे आलेला संच कोणीतरी जोडावयास घेतला आणि मध्येच सोडून दिला. तो पुरा करताना आम्हांला जे उमगले, ते थोडक्यात सांगावे असा आजचा हेतू आहे.

प्रथम ही वस्तू जन्मास कशी आली ते पाहू. १९०४ साली फ्लेमिंग यांनी निर्वात काचेत दोन ध्रुव बसवून विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी नलिका केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरा ध्रुव, म्हणजे तारेची जाळी, घातली. जाळीवरच्या क्षीण विद्युतदाबाने नलिकेतील मोठा प्रवाह कमीजास्त करता येतो, हे पुढे ध्यानात आले आणि आवाज मोठा करण्याची वाट खुली झाली. परंतु आवाज मोठा होताना तो बिघडतही असे. मूळ स्वरात नसलेले स्वर त्यात मिसळत. हा दोष कसा काढावा याचा विचार बेल कंपनीचे हॅरल्ड ब्लॅक कित्येक वर्षे करीत होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत बसून कामावर जात असता त्यांना उत्तर सुचले आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ते टिपून ठेवले. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत द्यावयाचा, हीच ती कल्पना. यंत्राने स्वतःहून घातलेली भेसळ त्यामुळे यंत्राच्याच दाराशी वजा होते. शक्ती काहीशी गमवावी लागते, पण शुद्धता हाती येते.

ही युक्ती संगीतासाठी पुरतेपणी वापरून दाखविली ती डी. टी. एन. विल्यम्सन या तरुण इंजिनिअरने. १९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत इंग्लंडातील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्याने आपल्या ध्वनिवर्धकाचा सबंध आराखडा छापून टाकला. १५ वॅट शक्तीला एक दशांश टक्क्याहून कमी विकृती, हा त्या काळी थक्क करणारा आकडा होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कोणीही तो वाचावा आणि घरी करावा, अशी उघड मुभा होती. अट एकच, अखेरचा ट्रान्सफॉर्मर उत्तम हवा. तो सामान्य असला तर परत आणलेला अंश अवेळी पोचतो, दोष वजा होण्याऐवजी वाढतो आणि यंत्र स्वतःच शिट्टी घालू लागते.

ह्याच वेळी अमेरिकेत दुसरी एक परिस्थिती तयार झाली होती. महायुद्ध संपले होते. रेडिओ व रडार यांचे शिक्षण घेतलेले सैनिक घरी परतले होते आणि सैन्याचे शिल्लक भाग स्वस्तात विकले जात होते. मिशिगन राज्यातील हीथ कंपनी मूळची विमानांची. तिच्या संस्थापकाने घरी बांधता येतील असे विमानांचे संच विकले आणि १९३१ साली तो स्वतः विमानाच्या चाचणीत मृत्यू पावला. पुढे हॉवर्ड अँथनी यांनी ती कंपनी विकत घेतली, आणि १९४७ साली युद्धातील शिल्लक भागांतून ३९.५० डॉलर्सना ऑसिलोस्कोपचा संच काढला. त्यामागून ध्वनिवर्धक आले, रेडिओ आले. इकडे फिलाडेल्फियात डेव्हिड हाफलर यांनी, ट्रान्सफॉर्मरच्या विषयात बरीच वर्षे घालविल्यावर, १९५५ साली डायनाको कंपनी सुरू केली. आमच्या खोक्यातील संच हे त्याच परंपरेचे फळ आहे.

आता प्रश्न असा की, ह्या साऱ्या व्यवहारात खरा शोध कोणता? नलिका जुनी होती, ब्लॅक यांची युक्ती वीस-तीस वर्षांची होती. आमच्या मते खरा शोध त्या पुस्तिकेचा होता. जोडणीची प्रत्येक पायरी तीत स्वतंत्र वाक्यात लिहिलेली आहे. अमुक लांबीची वायर कापा, तिची टोके सोला, अमुक खुंटीला जोडा. आत्ताच सोल्डर करावयाचे असेल तर तशी खूण. आणि प्रत्येक पायरीपाशी कंसात मोकळी जागा, काम झाले की तेथे खूण करावयाची. ज्याला विद्युतशास्त्राचा गंधही नाही, त्यानेही वाचावे आणि करावे, अशा विश्वासाने ती लिहिलेली आहे. १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्यामागे याच जातीचा विश्वास होता असे आम्हांस वाटते. ज्ञान नीट मांडले तर ते साध्या माणसाच्या हाती सोपविता येते.

आमच्या पुस्तिकेत त्या खुणा पेन्सिलीने केलेल्या आहेत. त्या नेटक्या आहेत, एकही पायरी वगळलेली नाही. पहिल्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर जोडून होतो, दुसऱ्या बाजूच्या तारा सुरू होतात आणि तेथे खुणा थांबतात. का थांबल्या हे पुस्तिका सांगत नाही. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालीच लागला होता आणि १९६६ मध्ये खुद्द डायनाकोनेच ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक काढला. कदाचित उत्साहच ओसरला असेल. बदली, आजारपण, संसार, कारणे कितीही संभवतात. इतिहासकाराने येथे कल्पनेला आवर घालावा हेच बरे.

तर काम पुरे कसे करावे? पुस्तिकेतील पुढच्या पायरीपासून सरळ सुरुवात करावी, हा मोह पहिला. तो धोक्याचा आहे. खोक्यात साठ वर्षे स्वस्थ पडलेले भाग स्वस्थ राहिलेले नसतात. विद्युतरासायनिक कंडेन्सरमधील ओलावा सुकतो, त्याच्या ॲल्युमिनियमवरील पातळ थर दाब नसल्याने क्षीण होतो. त्यावर एकदम चारशेच्या वर व्होल्ट दिले तर तो तापून फुटू शकतो. कार्बनचे रोध काळाबरोबर आपली किंमत वाढवून बसतात. मोठ्या नलिकांच्या जाळीला ऋण दाब पुरविणारा सेलेनियमचा एकदिशक दगा देतो, आणि तो ऋण दाब नाहीसा झाला की नलिकेतील पत्रा लालबुंद होतो. म्हणून कंडेन्सर नवे घातले, सेलेनियमच्या जागी सिलिकॉनचा डायोड बसविला. ट्रान्सफॉर्मर मात्र तेच ठेवले. लोखंड आणि तांबे ही कोरड्या जागी फारशी म्हातारी होत नाहीत, आणि यंत्राचे शील त्यांतच आहे.

दुसरा मोह याच्या उलट, सगळेच उपसून नव्याने जोडावे. पहिल्या गृहस्थाचे सांधे आम्ही एकेक करून भिंगातून पाहिले. बहुतेक चकचकीत व घट्ट होते. एक सांधा तेवढा निस्तेज, दाणेदार निघाला. वायर पुरेशी तापण्यापूर्वीच सोल्डर ओतले की असा सांधा होतो. तो दिसतो जोडलेला, असतो सुटा. तेवढा एक पुन्हा केला, बाकीचे राहू दिले. जे चांगले आहे ते केवळ दुसऱ्याचे म्हणून मोडणे, हा दुरुस्तीतला आणि समाजकारणातलाही मोठा अपव्यय आहे.

पुढे मोजमाप. हा संच अमेरिकेतील ११७ व्होल्टांसाठी केलेला, आपल्याकडे २३०. तेव्हा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. प्रथम दिवा सिरीजमध्ये घालून वीज द्यावी. तो भगभगून पेटलेलाच राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. नंतर प्रत्येक बाजूच्या १५.६ ओहम रोधावर १.५६ व्होल्ट मिळेपर्यंत खुंटी फिरवावयाची. याचा अर्थ दोन नलिकांतून मिळून १०० मिलिॲम्पिअर प्रवाह जातो. हा आकडा नव्या कोरड्या घटाच्या दाबाशी जुळणारा आहे. उघड्या चौकटीत हात घालताना मात्र ध्यानात ठेवावे की, वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये प्राणघातक दाब राहू शकतो. तो रोधातून उतरविल्याशिवाय आणि मोजून पाहिल्याशिवाय हात लावू नये.

यंत्र चालू झाले. दोन्ही बाजूंनी स्वर आले. नलिकेचा आवाज ट्रान्झिस्टरहून गोड असतो काय, असे पुष्कळ जण विचारतात. मोजमापात आजची साधी साधनेही त्याला मागे टाकतील, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यासाठी हा खटाटोप नव्हता. १९९२ साली हीथ कंपनीने आपले संच काढणे थांबविले, आणि आज आपण वापरतो त्यांतील बरीच यंत्रे उघडताच येऊ नयेत अशी बांधलेली असतात. मालक आहोत, पण आत काय आहे ते ठाऊक नाही, अशी आपली स्थिती झाली आहे. वस्तू बिघडली की ती टाकून देणे एवढेच ज्याच्या हाती उरते, त्याचे स्वामित्व नावापुरते होय.

उरलेल्या पायऱ्यांपुढे आम्हीही खुणा केल्या, मात्र शाईने. बदललेल्या भागांची नोंद शेवटच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहिली. पेन्सिल कोठे संपली आणि शाई कोठे सुरू झाली, हे पुढे हा संच उघडणाऱ्याला कळले पाहिजे. मागच्याचे काम पुरे करावे, पण ते आपले म्हणून खपवू नये, एवढी शिस्त इतिहास लिहिणाऱ्यालाही पुरेशी आहे.